रेडकाचं प्रकाशन

प्रकाशनाला अर्धा तास उरला असताना शिवकन्याबाईंनी पुस्तकांचा गठ्ठा सोडला आणि वरचं पुस्तक उघडून बघितलं. कव्हरवर त्यांनीच काढलेलं गोंडस रेडकू होतं. आत मात्र पहिल्याच पानावर छापलेलं, 'बेडकाच्या हृदयात किती कप्पे असतात?' खाली चार पर्याय.

बाई लातुरात चित्रकला शिकवत. तीन वर्षं खपून त्यांनी छोट्यांसाठी हे चित्रांचं पुस्तक केलं होतं. प्रत्येक पानावर रेडकू कुठंतरी लपलेलं, लेकरांनी ते हुडकायचं. एक जरी लेकरू हुडकताना खिदळलं तरी आपण जिंकलो, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

त्यांनी बाइंडिंगवाल्या जलीलभाईंना फोन लावला.

"भाई, रेडकाच्या पोटात बायॉलॉजी कशी गेली?"

"या खुदा! म्हशीची चित्रं बघितली, मला वाटलं हीच बायॉलॉजी. ती पानं सकाळीच संगप्पा सरांच्या बारावीच्या क्लासला गेली, त्यांच्या प्रश्नसंचाच्या कव्हरात. प्रश्न उरले, ते तुमच्या लेकरांना. आजकाल बालवाडीतच डॉक्टरकीचं फाउंडेशन चालू हाय न्हवं?"

"अहो, कव्हरवर रेडकू होतं की!"

"बाई, क्लासवाले कव्हरवर रॉकेट बी छापतेत. आत कधी निघालंय का रॉकेट?"

पाहुणे येऊन बसले होते. बाईंचे यजमान उमाशंकर शांतपणे म्हणाले, "गप बस. प्रकाशनात पुस्तक उघडून कोण बघतंय?"

खरंच कुणी उघडलं नाही. सगळ्यांनी पुस्तक छातीशी धरून फोटो काढले. एका वक्त्याला त्यात लेकरांचं भावविश्व अलगद उमललेलं दिसलं. अध्यक्षांनी तर कमालच केली. "काल रात्री एका बैठकीत वाचून काढलं," ते गहिवरून म्हणाले, "आणि मला माझं बालपण आठवलं!" गठ्ठा तासाभरापूर्वी आला होता, हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आईनं पुस्तक उघडलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अगं बया! चित्रांचा पसारा न्हाई, काही न्हाई. डायरेक्ट प्रश्न! माझं पिंटू नर्सरीत हाय, चालंल ना?"

झालं! टेबलाभोवती झुंबड उडाली. बघता बघता सगळ्या प्रती संपल्या. जो तो अभिनंदन करत होता आणि बाईंना मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. लेकरांच्या हाती अखेर बेडकाचं हृदयच पडलं होतं.

तेवढ्यात दारातून संगप्पा सर तरातरा आत आले. काखेत 'जीवशास्त्र प्रश्नसंच'.

"मॅडम, सकाळपासून माझा क्लास बंद पडलाय!"

"माफ करा सर, उद्याच पुस्तकं बदलून देते."

"बदलताय काय! पोरं सोडायला तयार न्हाईत. सतरा-अठरा वर्षांचे घोडे, बाकावर उभे राहून रेडकू हुडकून राहिलेत. बिलोलीची एक पोरगी क्लासला आल्यापासून घरच्या आठवणीनं नुसती रडायची. आज खिदळली, मॅडम!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दिवसभरात पुस्तकाला मिळालेली ही पहिली खरी शाबासकी होती.

सरांनी इकडेतिकडे बघून हळूच शेवटचं पान उघडलं.

"ह्या पानावर कुठं हाय ते? दुपारपास्नं बघून राहिलो."

"हुडका की सर," बाई हसू दाबत म्हणाल्या.

"असं नका करू. निदान चार पर्याय तरी द्या!"