बिनवासाचा गॅस

एका जंगलात, बाळांनो, आमरसाचा कारखाना होता. जंगलात कारखाना कसा, असं विचारू नका. तुमच्या पुस्तकात कोल्हा कावळ्याला गाणं म्हणायला लावतो, तेव्हा तुम्ही विचारता का? मग गप्प ऐका.

कारखान्यात रस डब्यात जायचा आणि साली मागच्या बाजूला जायच्या. सालींचा डोंगर झाला होता. त्यावर माश्या इतक्या, की माश्यांना बसायला जागा मिळत नसे.

कारखान्याशेजारी साळूबाई नावाच्या साळिंदरीची खानावळ होती. सगळे कामगार तिथेच जेवायचे. साळूबाईची भाकरी मोठी फर्मास, पण चूल ओल्या लाकडांची. धुरानं तिचे डोळे सदा लाल. भाकरी भाजली की करपली, हे ती वासावरून ओळखायची, कारण धुरात भाकरी दिसतच नसे. वैद्यानं सांगितलं होतं, "बाई, हा धूर असाच राहिला तर डोळे जातील." साळूबाई म्हणाली, "आणि चूल बंद ठेवली तर ही चाळीस तोंडं मला खातील."

तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्यातली काही तोंडं मांसाहारी होती.

मग एक दिवस दूरदेशी शिकून आलेले बगळेसाहेब आले. एका पायावर उभं राहून त्यांनी सालींच्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. बगळा शिकलेला असला तरी खरोखर हुशार होता, असं कधीकधी होतं. त्यांनी एक बंद टाकी बांधून घेतली. तिच्यात साली, थोडं शेण आणि पाणी घातलं. वरून एक नळी काढून ती साळूबाईच्या शेगडीला जोडली.

"हे आत कुजेल. कुजताना गॅस होईल. गॅसवर भाकरी होईल," बगळेसाहेब म्हणाले. "फक्त आतल्या घाणीला हात लावू नका. ती घाण म्हणजे या टाकीचा जीव आहे."

एवढं सांगून ते दुसऱ्या जंगलात उडून गेले. तिथेही साली होत्या.

काही दिवसांनी साळूबाईनं शेगडी पेटवली आणि निळी ज्योत आली. धूर नाही. काजळी नाही. साळूबाईनं तव्यावर भाकरी टाकली आणि ती फुगताना पाहिली. कितीतरी वर्षांनी पाहिली. तिला इतका आनंद झाला, की अंगावरचे सगळे काटे उभे राहिले आणि जेवायला बसलेले लोक पटकन मागे सरकले.

आता गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण जंगलात स्वागत समिती होती.

समितीचे अध्यक्ष मुंगूसराव तावातावानं खानावळीत आले. "साळूबाई, शेगडी विझवा."

"का हो?"

"उद्घाटन व्हायचंय. वाघोजी महाराज स्वतः येणार आहेत."

"पण गॅस तर चालू झालाय की."

"उद्घाटनाआधी चालू झालेली वस्तू चालू झाली असं धरता येत नाही," मुंगूसराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी बंद केली.

साळूबाई पुन्हा ओल्या लाकडांकडे वळली. समिती कामाला लागली. रस्त्याच्या झाडांना गेरू-चुना फासला. एका झाडाबरोबर तिथे झोपलेल्या अजगरालाही फासला, तो अजून तसाच आहे. कमान उभी राहिली. रांगोळी आली. मग मुंगूसराव टाकीची पाहणी करायला गेले, झाकण उघडून आत डोकावले आणि तिथेच आडवे झाले.

शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "महाराजांना हा वास दाखवायचा?"

हुकूम सुटला. टाकी रिकामी करा. आतून घासा. फिनाईलनं तीनदा धुवा. मग नव्या साली आणा, त्याही धुऊन, पुसून, वर गुलाबपाणी शिंपडून. जुनी नळी काळी दिसते, ती फेकून सोनेरी रंगाची लावा.

"अहो, ते बगळेसाहेब काय म्हणाले होते?" साळूबाईनं विचारलं. "हात लावू नका म्हणाले होते ना?"

"हात लावलेला नाही. बादल्यांनी काढलंय," मुंगूसराव म्हणाले.

आता ती काढलेली घाण टाकायची कुठे? महाराजांच्या वाटेवर नको. कारखान्यात नको. अध्यक्षांच्या दाराशी तर नकोच. जंगलात अशा वेळी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं परस बघतात. साळूबाईच्या परसात तिचं एक जुनं, खोल बीळ रिकामं पडलं होतं. सगळ्या बादल्या त्यात ओतल्या. वास बाहेर येऊ नये म्हणून वर जाड ताडपत्री अंथरली, कडेनं चिखल लिंपला आणि दगड ठेवले. फेकलेली नळीही तिथेच टाकली. साळूबाईनं समितीला अशा शिव्या दिल्या, की त्या इथे सांगितल्या तर तुमचे आईवडील मला गोष्ट सांगू देणार नाहीत.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. वाघोजी महाराजांनी फीत चावून तोडली आणि तोटी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. सोनेरी नळीतून गुलाबपाण्याचा एक थेंब पडला.

पण मुंगूसराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेगडीमागे पडदा होता आणि पडद्यामागे ओली लाकडं रचून ठेवलेली होती. खूण होताच ती पेटली.

"धूर कसला?" महाराजांनी विचारलं.

"धुपाचा आहे, महाराज."

"आणि या बाई रडताहेत का?"

"आनंदाश्रू आहेत, महाराज."

महाराजांनी टाकीचा दीर्घ वास घेतला. काहीच आला नाही. ते अतिशय खूश झाले. "कुजक्या सालींची टाकी आणि वास कसा तो नाही," ते म्हणाले. "प्रत्येक गावात अशी एकेक बांधा. सोबत फिनाईलही द्या."

टाळ्या झाल्या. मुंगूसरावांना शाल मिळाली. साळूबाईला लाकडांची मोळी मिळाली.

त्यानंतर एके दुपारी गबाजी रानडुक्कर जेवून परसात बिडी ओढायला गेला. बघतो तर ताडपत्री टम्म फुगलेली. झकास गादी, असं म्हणून तो वर बसला. कडेनं फुस्स झालं, बिडी जवळच होती, आणि गबाजीच्या मिशा गेल्या.

"मावशे," तो आत येऊन म्हणाला, "तुझ्या परसात जाळ हाय. आन् तो निळा हाय."

साळूबाई धावली. तिनं ज्योत पाहिली. ती ओळखीची होती. तिथेच जमिनीवर बसून ती रडली, आणि या वेळचे अश्रू मुंगूसरावांनी सांगितलेल्या जातीचे होते. मग तिनं वाळू टाकून जाळ विझवला, फेकलेली काळी नळी उचलली, ताडपत्रीत नीट बसवली आणि शेगडीला जोडली. त्या दिवसापासून कामगार येताना साली घेऊन येऊ लागले. भाकऱ्या पुन्हा डोळ्यांदेखत फुगू लागल्या.

वास मात्र येत होता. भरपूर येत होता.

एकदा मुंगूसराव नाकाला शाल लावून आले. "साळूबाई, हा वास कसला?"

"गरिबाघरचा," साळूबाई म्हणाली.

"महाराज पुढच्या पंधरवड्यात पाहणीला येताहेत. तुमचंही परस धुऊन काढावं लागेल."

साळूबाईनं शेगडीकडे पाहिलं, मग मुंगूसरावांकडे पाहिलं. "धुवा की," ती म्हणाली. "ताडपत्री काढते. आधी अध्यक्षांनी आत डोकावून पाहणी करायची ना?"

मुंगूसरावांना एकदम जुनी आठवण झाली. ते ताडपत्रीपासून चार पावलं मागे सरले.

"नको," ते म्हणाले. "महाराजांना आपण नदीकडच्या वाटेनं नेऊ."

आणि तसंच झालं. अजूनही महाराजांची स्वारी साळूबाईच्या घराला लांबचा वळसा घालून जाते. गावोगावच्या टाक्या लखलखताहेत, त्यांच्या मागे मोळ्या जळताहेत, आणि साळूबाईचे डोळे बरे आहेत.

तात्पर्य : बाळांनो, स्वच्छता नेहमी राखावी. जे काम बंद पाडायचं असेल, तिथे तर ती विशेष राखावी.