पावल्यानं कर तोडली ते साल

आमच्या गावाचं पंचांग विडी ओढायचं. बाळाप्पा त्याचं नाव.

"आप्पा, माझा जन्म कधीचा?" असं विचारलं की ते डोळे मिटून धूर सोडायचे आणि म्हणायचे, "चौगुल्यांच्या हरण्यानं कर तोडल्याली बग. त्या साली तंबाखू लई पिकली. तू तिच्यासंगंच आलास." शाळेत घालताना आईनं गुरुजींना हेच सांगितलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि मनाला येईल ती तारीख लिहिली. तीच अजून माझी तारीख आहे.

निपाणीकडच्या आमच्या गावात बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत आंब्याच्या पानांची दोरी आडवी बांधतात. ती कर. गावचे बैल बाहेरून धावत येतात. पहिला पोचतो तो शिंगानं ती तोडतो. त्याच्या रंगावरून त्या सालचं पीक सांगायचं. दोरी वळायची आणि बांधायची ती आप्पांनीच. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात बैल नव्हता. नुसता खुंटा होता, आणि सणाला त्याला कुंकू लागायचं.

आप्पा कुणाच्याही घरी आले की आधी गोठ्यात शिरायचे. बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "काय रं, घरची मानसं बरी हाईत न्हवं?" बैलाचं ऐकून झालं की मग माणसांकडे.

एकदा बांधाच्या भांडणात त्यांची चिकोडीच्या कोर्टात साक्ष होती. वय विचारलं, तर आप्पांनी बैल सांगितला. वकील चिडले. कारकून मात्र कानडी गावचा. तो हळूच म्हणाला, "पांढरा का तांबडा?" त्याच्याही गावात कर तुटत होती.

प्लेगाचं साल मात्र आप्पांना कुणी विचारत नसे. गाव तेव्हा रानात खोपटी घालून राहिलं होतं. आप्पांची बायको तिथंच गेली. नव्या गुरुजींना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलं. "त्या साली कर तुटली न्हाय," आप्पा म्हणाले, आणि विझलेली विडी ओढत राहिले.

माझे वडील गेले त्या उन्हाळ्यात माझी शाळा सुटली. आमच्या दावणीला एकच बैल, पावल्या, तोही म्हातारा. एका बैलानं नांगर चालत नाही. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या तसल्याच घराशी वारंगुळा करतो. बैल एकत्र जुंपून दोघांची रानं आळीपाळीनं करायची. पण विधवेच्या म्हाताऱ्या बैलाशी जोडी कोण करणार? आई दारोदार फिरून आली. "बगू की आक्का, बेंदूर तर हुंदे," एवढंच सगळे म्हणाले. पेरणी तोंडावर आली होती आणि आमचं रान पडीक राहणार हे दिसत होतं.

बेंदराला हलगी कडाडली. तरणे बैल उधळत वेशीपाशी आले आणि त्या आवाजानं बुजून थबकले. पावल्या मागून डुलत आला. आप्पा दरवर्षी वेशीत त्याला गूळ भरवायचे. तो सरळ त्यांच्या हाताकडे गेला. एरवी माणसाच्या डोक्यावरून जाणारी दोरी त्या दिवशी आप्पांच्या छातीशी लोंबत होती. पावल्यानं गूळ खाऊन मान वर केली आणि कर तुटली.

"आप्पा, दोरी सैल बांधलासा की!" चौगुले ओरडले.

"पावसानं भिजून सैल पडली."

"आणि पाऊस कुठाय गा?"

आप्पांनी वर पाहिलं. "येतोय की."

गाव हसलं. पण कर तोडलेल्या बैलाशी वाद कोण घालणार? पावल्या वाजतगाजत आमच्या दारात पोचायच्या आत त्याच्याशी जोडी कुणी करायची यावरून दोन घरांत जुंपली होती.

आईनं आप्पांना हात जोडले. "मला कशाला? बैलाला जोड," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बा गेल्यालं साल म्हनू नगंस हां. पावल्यानं कर तोडल्यालं साल म्हन. कुनी इचारलं तर सांगाय बरं पडतंय."

आता मी नागपुरात एका छापखान्यात पंचांगाचे खिळे जुळवतो. एखादी तिथी चुकली तर काढून टाकतील या धास्तीनं प्रत्येक ओळ परत परत बघतो. वडील कधी गेले, असं इथं कुणी विचारलं की सांगतो, "पावल्यानं कर तोडली त्या साली." लोक हसतात, मग मीही हसतो.

आप्पांना प्लेगाच्या सालाबद्दल असं काही सांगता आलं नव्हतं.