बिब्ब्याची मिशी

उसनी अक्कल घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. देवाने मला उंची बेताची दिली, छाती त्याहून बेताची दिली, पण अक्कल देताना हात अगदी सैल सोडला! आमच्या अख्ख्या तांड्यात मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि ग्रामसेवक झालेलाही मीच. ढाणकीच्या पलीकडच्या त्या गावात ग्रामपंचायतीचं दप्तर माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे, आणि गावात एकुलता एक असलेल्या रेडिओची किल्लीसुद्धा माझ्याच कमरेला!

नव्हती ती फक्त मिशी.

चेष्टा नाही करत. वय पंचवीस, आणि वरच्या ओठावर मोजून अकरा केस. डावीकडे सहा, उजवीकडे पाच. तेही मक्याच्या कणसाला असतात तसे भुरे. आमच्या बंजारा मंडळींत अठराव्या वर्षी पोरं मिशीला पीळ देत फिरतात, आणि मी बाजारात गेलो की दुकानदार विचारायचा, "काय पाह्यजे रे, बाळ?" दोन सोयरिकी याच पायी मोडल्या. पुसदकडच्या मुलीच्या काकाने तर माझ्या बापाला तोंडावर सांगितलं, "पोरगा चांगला हाये. जरा मोठा होऊ द्या, मंग पाहू!"

बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जणू मीच मुद्दाम मिशी अडवून धरली होती.

तिसरी सोयरीक आली ती चौसष्ट सालच्या मे महिन्यात. मुलीचं नाव रुपी. तिला मी ढाणकीच्या बाजारात एकदाच पाहिलं होतं. ती बांगडीवाल्याशी भाव करत होती, आणि बांगडीवाला हात जोडत होता! त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर जन्मभर पंचायतीचं दप्तर सांभाळीन, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिचा बाप हिरासिंग म्हणजे जुना खादीवाला. पंडित नेहरूंचं भाषण ऐकायला हा माणूस कापूस वेचायचा सोडून नागपूरला गेला होता. गुरुवारी तो मला पाहायला येणार होता. त्याने मान हलवली की आम्ही त्याच्या तांड्यावर जाऊन गूळ खायचा. आमच्यात एकदा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. म्हणजे सगळा प्रश्न गुरुवारचा होता, आणि माझ्या ओठावर अकराच केस होते.

मंगळवारी उकंडा परीट कपडे घेऊन आला. माझ्या धोतराच्या कोपऱ्यावर त्याने खूण म्हणून तीन काळी टिंबं काढली होती.

"उकंडा, किती वर्षं झाली रे या टिंबांना?"

"सहा झाले ना, साहेब. बिब्याचे हायेत. धोतर फाटन, पन टिंब हालनार नाई."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जे धोतराला चालतं, ते मिशीला का चालू नये?

आता तुम्ही म्हणाल, बिब्बा उततो, अंगाला लागला की फोड आणतो, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं! पण अडाणी माणूस भितो आणि शिकलेला माणूस उपाय करतो. मी बिब्बा दिव्यावर तापवला, त्याचा रस वाटीत काढला, उतू नये म्हणून चांगलं दोन चमचे खोबरेल घातलं, आणि आगपेटीच्या काडीने एकेका केसाला लावला. मधे मोकळी जागा फार होती. तिथेही थोडा लावला.

बुधवारी सकाळी आरशात पाहिलं, तर मीच मला ओळखलं नाही. काय मिशी होती! मी दोनदा विनाकारण बाजारातून चक्कर मारून आलो. एकाने तर मला चक्क रामराम घातला.

दुपारी ओठाला जरा खाज सुटली. घामाने सुटली असेल म्हणून मी ओठ चोळला, मग त्याच हाताने डोळे चोळले आणि रेडिओ लावला.

आणि बातमी आली. पंडितजी गेले.

हे मात्र थट्टेत सांगवत नाही. मला कळायला लागल्यापासून देशाला दुसरा पंतप्रधानच माहीत नव्हता. शाळेत तिसरीला जे नाव घोकलं, तेच मॅट्रिकला. ते नाव कधी बदलेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पंचायतीच्या ओट्यावर माणसं जमत गेली. डोमाजी सरपंच टोपी काढून खाली बसला आणि म्हणाला, "आता देशाचं कसं होईन, साहेब?" माझ्या डोळ्यांना खरंच पाणी आलं होतं. उद्या सकाळी शोकसभा घ्यायची आणि भाषण ग्रामसेवकांनी करायचं, असं तिथेच ठरलं.

गुरुवारी सकाळी मी उठलो, पण डोळे उघडेनात. आरसा चाचपून घेतला आणि बोटांनी एक पापणी वर केली. आरशात लाल भोपळा होता! डोळ्यांच्या जागी दोन चिरा, ओठ नाकापर्यंत आलेला, आणि चिरांतून पाण्याच्या धारा. खोबरेलाचं शास्त्र सपशेल आपटलं होतं.

घरात लपून बसावं म्हटलं, पण रेडिओची किल्ली माझ्याकडे! डोमाजी दारात येऊन उभा राहिला. त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याचा स्वर एकदम मऊ झाला.

"सारी रात रडले वाटते, साहेब?"

"अहो, हा... हा..." मला सांगायचं होतं. पण ओठच जुळेनात! 'बिब्बा' म्हणायला दोन ओठ लागतात हो, आणि माझा वरचा ओठ माझ्या ताब्यात नव्हता. नुसती फूंफूं झाली.

"राहू द्या, नोका बोलू," असं म्हणून डोमाजीने मला हाताला धरून सभेला नेलं.

सभेत तसबिरीला हार घातला. मग मला उभं केलं. मी तोंड उघडलं. आतून हवा आली, थोडी थुंकी आली, शब्द एकही आला नाही. डोळे तर गळतच होते. तेवढ्यात समोरच्या बायांपैकी एक हुंदका देऊन म्हणाली, "माय वं, किती जीव होता याचा पंडितजींवर!" आणि अख्खी सभा ढसाढसा रडायला लागली. त्या पंचक्रोशीत एवढं परिणामकारक भाषण तोवर झालं नव्हतं, आणि त्यात एक शब्दसुद्धा नव्हता!

गर्दीच्या मागे पांढरी टोपी घालून हिरासिंग उभा होता.

तो खरं तर भेट पुढे ढकलायला आला होता. अशा दिवशी सोयरिकीचं बोलू नये, एवढं सांगून तो परत जाणार होता. पण तो पुढे आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सख्ख्या बापासाठी इतकं रडनारा पोरगा म्या पाह्यला नाई. बस! पोरगी तुलेच देतो. तेरवी होऊ दे, मंग गूळ खायले या."

मी काय केलं? फूंफूं केलं.

पुढच्या बारा दिवसांत सूज उतरली, खपल्या धरल्या, आणि खपल्यांबरोबर ते अकराही केस गेले. ओठावर नवी, गुलाबी, तुळतुळीत कातडी आली. लांबूनही दिसावी अशी! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी हिरासिंगच्या तांड्यावर पोचलो. बा आमच्या तांड्याहून परस्पर तिथे आला होता. मी पाया पडलो. त्याने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मिशी कुठी हाये?"

आमच्यात बाप मेला तरच मिशी उतरवतात.

"म्या मेलो काय रे? समोर उभा हावो ना तुह्या! कोनासाठी काढली?"

माझ्याआधी हिरासिंगच बोलला, "बाबूसिंगजी, रागावू नोका. पंडितजी साऱ्यांचेच बाप होते. पोरानं त्याहीच्यासाठी उतरवली. अभिमान धरा!"

"कायचा अभिमान? बाप मी का पंडितजी?"

"देशाचा बाप मोठा!"

"मंग देशाच्याच बापाले बोलवा सोयरिकीले! म्या चाललो!" असं म्हणून बाने काठी उचलली.

मधोमध थाळीत गूळ, एका बाजूला माझा बाप, दुसऱ्या बाजूला सासरा होऊ घातलेला माणूस. पंडितजींसाठी काढली म्हणावं तर बा निघून जातो. खरं सांगावं तर हिरासिंग गूळ उचलून आत नेतो. आणि मागच्या दाराच्या फटीतून घागऱ्याची लाल कड दिसत होती. ती रुपीच होती, शपथेवर सांगतो.

मी खरं सांगितलं. अकरा केस, धोतराची टिंबं, खोबरेल, सगळं. तांड्यावरची दोन-चार माणसं खाली बघून हसू दाबायला लागली. बाने काठी खाली ठेवली. हिरासिंग मात्र हसला नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हंजे तू रडलाच नोयता?"

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. "मामाजी, रडलो. खरंच रडलो. पण त्यात बिब्ब्याचं पाणी किती आणि माझं किती, ते मला सांगता येत नाही."

हिरासिंगने गुडघ्यावरची टोपी उचलली, पुन्हा ठेवली. एवढ्यात आतून त्याची बायको भुरीबाई आली आणि नवऱ्याला म्हणाली, "पोरगी म्हनते, गूळ फोडा. पन एक अट हाये तिची."

"कोनती?"

"मिशी पुन्हा ठेवाची नाई. तिले मिशीवाला नवरा पाह्यजेच नोयता. म्हनूनच तं बजारात याले पाहून पसंत करून आल्ती!"

ऐकलंत? माझ्या अकलेचं काय झालं असेल त्या क्षणी, कल्पना करा! हिरासिंगने एकदाचा गूळ फोडला. बानेही खाल्ला, पण खाता खाता माझ्या कानात म्हणाला, "बायकोचं काही आयकू नको. म्या जिता हावो तोवर मिशी पाह्यजे. समजलं?"

याला आता चार वर्षं झाली. ते अकरा केस पुन्हा उगवले. रुपीच्या हुकमाने मी रोज वस्तरा फिरवतो, आणि बा येणार असं पत्र आलं की महिनाभर आधी वस्तरा पेटीत ठेवतो. गावात लोक अजून पाहुण्यांना सांगतात, "आमच्या साहेबांनी पंडितजींसाठी मिशी उतरवली, ते अजून ठेवली नाई." जाऊ द्या.

गेल्या महिन्यात मात्र बा पत्र न टाकताच दारात हजर! मी नुकताच वस्तरा पुसत होतो. पळायला जागा नव्हती. टॉवेल तोंडावर धरून मी पाया पडलो. बाने टॉवेल ओढून बाजूला केला, माझं तोंड उजेडाकडे वळवलं, हल्ली मोतीबिंदू उतरलेले डोळे बारीक करून अगदी जवळून न्याहाळलं, आणि समाधानाने मान हलवली.

"हां! आता कुठी मिशी शोभून राह्यली."

मी "हो बा," म्हणालो.