नूकालम्माची डाग नसलेली कवळी

पहिली कवळी नऊ दिवस टिकली.

डॉक्टर भानोजींनी ती खिडकीपाशी धरली. टाळूकडचं गुलाबी प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, त्यावर फोड उठले होते आणि मधोमध करपून भोक पडलं होतं.

"अम्मा, ही तोंडात घातली होती की चुलीत?"

"तोंडातच," नूकालम्मा म्हणाली.

"तंबाखूच्या पानाचा चुट्टा ओढते, डॉक्टरगारू," लेक पैडम्मानं सांगून टाकलं. "पेटलेलं टोक आत घेऊन."

"मग काय बाहेर ठेवू? समुद्राचा वारा विझवतो तो. मासे विकायचे की काड्या पेटवत बसायचं? माझी आईपण आतच धरायची."

"तुमच्या आईच्या तोंडात प्लास्टिक नव्हतं. विस्तव सोसेल असं प्लास्टिक नसतं, अम्मा."

"मग माझी टाळूच बरी. पन्नास वर्षं सोसतेय."

"सोसत नाहीये. पांढरा चट्टा आलाय तिच्यावर. चुट्टा सोडलात तर कदाचित जाईल. नाही सोडलात तर कॅन्सर होईल, मोठ्या इस्पितळात जाऊन टाळू कापावी लागेल."

नूकालम्मानं मान हलवली. तिची नजर कवळीच्या भोकावर होती. पैडम्माचीही.

दुसरी कवळी शपथेवर मिळाली. गावदेवीपुढे हळदीचा हात ठेवून नूकालम्मा खणखणीत आवाजात म्हणाली,

ही कवळी तोंडात असेतो विस्तव तोंडात घेणार नाही.

शब्द तिनंच जुळवले होते. देवीला फसवणारी बाई नव्हती ती. पैडम्मा तर ऐकून रडलीच.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पैडम्मा आईची कवळी दारातल्या उजेडात धरू लागली.

सोमवार. डाग नाही.

मंगळवार. डाग नाही.

बुधवार. वास आहे. ("शेजारी बसून बाकीच्या ओढतात, त्याला मी काय करू?") डाग नाही.

शुक्रवारी मास्तरांची बायको पातेलं घेऊन तरातरा दारात आली.

"नूकालम्मा! माझ्या कोळंबीत दात निघाले!"

"ताजी कोळंबी आहे. हसत असेल."

"अम्मा," पैडम्माचा आवाज चढला, "टोपलीत कवळी कशी गेली?"

"चूळ भरायला काढली, ओल्या फडक्याखाली ठेवली. मापात गेली असेल. माणूस आहे मी."

पैडम्मानं कवळी तीनदा धुतली, मग उजेडात धरली. डाग नाही. तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या गळ्यात एक कापडी पिशवी बांधली. चूळ भरताना कवळी हरवायला नको म्हणून.

नूकालम्मा आता फार वेळा चूळ भरू लागली.

तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी होती. ओसरीवर गावातले सगळे कवळीवाले बसले होते. कुणाची कवळी पिवळी, कुणाची काळपट, एका म्हाताऱ्याची तर विडीच्या धुरानं काताच्या रंगाची झालेली. नूकालम्माची कवळी डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"बघा! चुट्टा सोडला की कवळी अशी राहते. शिका जरा या अम्माकडून!"

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं विडी कानामागून काढून खिशात लपवली. नूकालम्मानं पदर सारखा केला. डॉक्टरांनी कवळी पैडम्माच्या हातात दिली.

"आता जरा टाळू बघू. आ करा."

तिनं आ केला. डॉक्टरांनी बॅटरी लावली.

बॅटरी बराच वेळ हलली नाही.

"डाग पडला की काय?" नूकालम्मानं घाबरून विचारलं.

"कवळीवर नाही."

"मग?"

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "अम्मा, कवळी काढून ओढत होतात?"

"मग काय घालून ओढू? देवीसमोर शपथ घेतलीय मी."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहू लागले.

"डॉक्टरगारू," नूकालम्मानं हळूच विचारलं, "टाळू कापल्यावर ही कवळी कशाला धरून बसेल?"

डॉक्टरांनी चिठ्ठीची घडी घालून तिच्या हातात ठेवली.

पैडम्मा दारात जाऊन उभी राहिली. संध्याकाळ होत आली होती. तिनं सवयीनं कवळी उजेडात धरली.

डाग नाही.