पळून गेलेली पाटी

ईस्टरच्या सकाळी रेजिस स्वयंपाकघरात सुरीला धार लावत बसला होता आणि त्याची बायको ओदिल कोकराच्या मांडीत लसणाच्या पाकळ्या खोचत होती.

"एवढी कशाला घासतोयस?" ती म्हणाली. "कापणार तर दादाच आहे."

रेजिस सुरी घासत राहिला. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तर खरं दुखणं होतं. घर रेजिसचं, टेबल रेजिसचं, सुरी तर त्याच्या आजोबांची. पण ईस्टरच्या दुपारी सगळ्यांसमोर कोकरू कापून वाढायचा मान दरवर्षी त्याचा मेहुणा मार्सो घेऊन जायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांची पैज लागली होती. ईस्टरला सकाळी सायकली काढायच्या, नदीकाठानं जाऊन पठारावर चढायचं, फेरी मारून परत यायचं, आणि मोरियाक गावाच्या वेशीवरची पाटी जो आधी गाठेल त्यानं कोकरू कापायचं. त्या मुलखात सायकलवर बसलेल्या माणसाला गावाची पाटी दिसली की चेव येतोच. तिथले पाद्रीबुवासुद्धा त्याला अपवाद नव्हते. तर तेव्हापासून रेजिस एकदाही जिंकला नव्हता. धार लावायची त्यानं आणि कापायचं मार्सोनं, अशी कामाची वाटणी होऊन बसली होती.

"यंदा मी कापणार," रेजिस म्हणाला.

"कोणीही कापा. पण एकला टेबलावर हवेत दोघं. आईला गार मटण चालत नाही."

मार्सोची लाकडाची वखार होती आणि त्याची पाठ कपाटाएवढी होती. रेजिस शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, अंगानं किरकोळ. मार्सोच्या मागं राहिलं की वारा लागत नाही, हे गणित त्यानं फार पूर्वीच सोडवलं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षं दर रविवारी तो मार्सोचं मागचं चाक धरून फिरत आला होता. यात शहाणपण होतं, पण एक तोटाही होता. मोरियाकच्या आसपासचा सगळा मुलूख त्याला मार्सोच्या पाठीच्या डावी-उजवीकडून जेवढा दिसेल तेवढाच ठाऊक होता.

यंदा मात्र तो हिवाळाभर कोठारात जागच्या जागी सायकल मारत होता. ओदिलला वाटायचं, नवरा बटाटे निवडतोय.

परतीच्या वाटेवर, वेशीपाशी पॉप्लरची झाडं लागली तसा मार्सो मागं वळून म्हणाला, "काय दाजी, धार नीट लावलीय ना?"

रेजिसच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं गिअर टाकला, सीटवरून उठला आणि मार्सोच्या बाजूनं सुसाट पुढं निघाला. मागून "अरे! अरे!" ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा मार्सो त्याच्या मागं होता. आता एवढं वळण, की पाटी!

वळण आलं. पाटी नव्हती. दोन खांब तेवढे उभे होते आणि त्यांच्यामधून निळं आकाश दिसत होतं.

"जिंकलो!" रेजिस ओरडला.

"काय जिंकलात? पाटी कुठंय?"

"खांब आहेत की!"

"खांबाला गाव म्हणतात होय? पाटी नाही तर शर्यत संपली नाही!"

शर्यत संपली नसेल तर थांबणारा हरणार, हे दोघांनाही एकदमच कळलं. मग कोण थांबतोय! दोघं तसेच गावात शिरले, चर्चला वळसा घातला आणि रेजिसच्याच घरासमोरून वाऱ्यासारखे गेले. ओदिल खिडकीत टेबलाची चादर झटकत होती.

"अरे, घर आलं! रेजिस! दादा!"

"पाटी नाही!" दोघं एका सुरात ओरडले आणि दिसेनासे झाले.

"आता कार्साकच्या पाटीला!" मार्सो मागून धापा टाकत म्हणाला.

"मान्य!"

पण कार्साकच्या वेशीवरही नुसते खांबच होते. त्यापुढच्या गावाला तर कोणी खांबावर रबरी बूट उलटा घालून ठेवला होता. मार्सोनं बूट ग्राह्य धरला नाही. रस्ता आता डोंगराला लागला होता आणि रेजिस अजून पुढंच होता. पुढं राहणं त्याला भाग होतं, कारण मागं आला की संपलं. मांड्या पेटल्या होत्या. घाम डोळ्यांत उतरत होता. त्यानं तो पुसला, सवयीनं मार्सोची पाठ शोधायला मान वर केली, आणि समोर पाठ नव्हतीच.

समोर सगळी दरी होती.

खाली नदी हिरव्या कुरणातून एवढं मोठं वळण घेऊन गेली होती, की आली कुठून आणि चालली कुठं तेच कळेना. पलीकडे पिवळसर कडे सरळ उभे, त्यांच्या पोटात चिकटून बसलेली घरं, कड्यांच्या वर ओकची जंगलं आणि त्यांच्याही वर घारी. दुपार व्हायला आली तरी पाण्यावर रेंगाळलेलं धुकं आता विरत होतं आणि त्यातून अक्रोडाच्या बागा एकेक ओळ करून बाहेर येत होत्या. रेजिसला भरून आलं. साठी उलटेपर्यंत आपण दर रविवारी या रस्त्यानं आलो आणि हे इथंच होतं? त्याला पाय दुखायचे थांबल्यासारखं वाटलं. चढ अजून लांब असता तरी त्याची तक्रार नव्हती.

"दादा! हे बघितलंस का?"

"काय?" मागून घुसमटलेला आवाज आला. "मला तुमचं ढुंगण दिसतंय!"

माथ्यावर पोचल्यावर रेजिसला आणखी एक गोष्ट दिसली. खाली नदीकाठच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर रखडत चालला होता आणि त्याच्या ट्रॉलीत पांढऱ्या, लाल काठाच्या पाट्या उन्हात चमकत होत्या.

"पाट्या पळाल्या!" तो ओरडला, आणि दोघं उतारावर सुटले.

पुलाच्या पुढं त्यांनी ट्रॅक्टर गाठला. रेजिसनं एका हातानं हँडल सांभाळत दुसरा हात लांब केला आणि ट्रॉलीच्या कडेवरची 'मोरियाक' लिहिलेली पाटी पकडली. ट्रॅक्टर थांबला. वरून सिल्वेत उतरली. तिच्या मेंढ्या पठारावर चरायच्या आणि तिची जीभ साऱ्या तालुक्याला ठाऊक होती.

"हात काढ! सरकार आम्हा शेतकऱ्यांचं ऐकत नाही ना, मग आता गावंही सापडू नयेत त्यांना. मंगळवारी कचेरीसमोर ढीग घालणार आहोत."

"आज सणाच्या दिवशी?"

"आज पोलीस जेवायला बसलेत."

तेवढ्यात मार्सो येऊन पोचला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. पाटीकडे बघून मात्र तो एकदम टवटवीत झाला.

"ही बाद! हिच्यावर लाल काट आहे! ही गाव संपल्याची पाटी आहे, दाजी. तुम्ही गावाबाहेर पडलात, आत नाही आलात!"

रेजिसनं पाहिलं. नावावरून तिरपी लाल पट्टी गेली होती.

"गाव तेच ना पण?"

"गाव तेच, बाजू दुसरी!"

सिल्वेतनं सगळं ऐकून घेतलं. मग ती ट्रॉलीत चढली, ढिगाच्या तळातून मोरियाकची बिनकाटाची पाटी ओढून काढली आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"ही घ्या. त्या पुलापासून पुन्हा या बरं दोघं. मी हलत नाही."

दोघांनी पुलाकडे पाहिलं. मग आपापल्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ कोणी हललं नाही.

"या लवकर," सिल्वेत म्हणाली, "हात भरून आले माझे."

मार्सोनं मोठा श्वास घेतला. "जाऊ दे," तो म्हणाला. "कापा तुम्ही, दाजी."

घरी पोचायला त्यांना तीन वाजले. सासूबाई पाव कुरतडत बसल्या होत्या. ओदिलनं कोकरू पुन्हा गरम करून टेबलावर आणून ठेवलं आणि विचारलं, "कोण?"

"दाजी," मार्सो म्हणाला.

ओदिलनं सुरी रेजिसच्या हातात दिली. सगळे त्याच्याकडे बघत होते. रेजिस उभा राहिला, त्यानं सुरी उचलली.

"मी आज काय पाहिलं, माहितीय?" तो म्हणाला. "चढाच्या मध्यावर, एकदम सगळी दरी! नदी अशी येते..." सुरीनं त्यानं हवेत भलं मोठं वळण काढलं. सासूबाई जरा मागं सरकल्या. "आणि समोर कडे, पिवळे, आणि त्यात घरं! माणसं राहतात तिथं!"

"रेजिस," ओदिल म्हणाली, "आपणच राहतो तिथं."

"हो, पण खालून! वरून बघ ना! ते धुकं असं वर जातं, आणि अक्रोडाची झाडं..."

धुकं वर नेता नेता त्याचा हात डोक्याच्या वर गेला होता. मार्सो हळूच उठला. त्यानं वरच्या वर सुरी काढून घेतली आणि त्या जागी काटा दिला. रेजिसनं काट्यानं अक्रोडाच्या रांगा दाखवल्या, मग घारी फिरवल्या. मार्सोनं मुकाट्यानं कोकरू कापलं, सासूबाईंना पहिला तुकडा वाढला, सगळ्यांना घेवडा वाढला. रेजिस सांगता सांगता पठारावरून खाली उतरून नदीच्या पुलाशी आला तेव्हा सगळ्यांचं अर्धं जेवण झालं होतं.

मग तो बसला. त्यानं आपल्या ताटात पाहिलं. मांसाचे काप पातळ, एकसारखे, सुरेख पडले होते. रेजिसचा चेहरा अभिमानानं फुलला.

"बघ," तो ओदिलला म्हणाला, "जमलं की नाही मला?"

मार्सोनं तोंड उघडलं. ओदिलनं टेबलाखाली त्याच्या पायावर जोरात पाय दिला.

"सुरेख कापलंस," ती म्हणाली. "खा आता."