धोंडोपंत आणि बुधवारची अमावस्या

एका जंगलात, बाळांनो, वणव्यापेक्षा शनिवारचा दरारा जास्त होता. वणवा वर्षातून एकदा लागायचा. शनिवार दर आठवड्याला यायचा.

तिथे एक वानरशास्त्री होते. वडाच्या शेंड्यावर बसून ते सगळ्यांना दिवस सांगत. सोमवारी पूर्वेला जायचं नाही, शनिवारी शिंगं घासायची नाहीत. अमावस्येला तर बिळातून नाकसुद्धा बाहेर काढायचं नाही. शास्त्रीणबाई त्यांच्या पानात कधी तीन जांभळं वाढत नसत. चौथं नसलं तर तिसऱ्याचा तुकडा मोडून बाजूला ठेवत. माणसं फार भाविक होती, म्हणजे जनावरं.

एका उन्हाळ्यात ओढ्यात भलामोठा साग आडवा पडला. त्याला गाळ आणि पाचोळा अडकला आणि पाणी भलतीकडेच वळलं. पाणवठ्यावर नुसता चिखल उरला. सगळ्यांचेच हाल झाले, पण सगळ्यात जास्त हरिणीचे. तिचं पाडस आठ दिवसांचं होतं आणि पाण्यावाचून तिचं दूध आटत चाललं होतं.

साग हलवणं फक्त टेकडीपलीकडच्या हत्तीआजोबांना जमण्यासारखं होतं. शुक्रवारी सभा भरली. मोर, साळिंदर आणि रानडुक्कर यांचं शिष्टमंडळ नेमण्यात आलं. हरिणीने विनवलं, आत्ताच निघा. ते निघणार एवढ्यात शास्त्रीबुवांनी वरून विचारलं, "तुम्ही तिघंच?"

तिघांच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या अंगावर तो आधीपासूनच होता.

अशा वेळचा उपाय ठरलेला असतो. तिघं निघाले की चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यायचा. पण शिष्टमंडळाचा सदस्य म्हणजे नुसता खडा बरा दिसत नाही, चांगला मानाचा धोंडा हवा, असं मोराचं म्हणणं पडलं. शनिवार आणि रविवार धोंडा निवडण्यात गेले. मग त्याला हार घातला, त्याचं नाव धोंडोपंत ठेवलं आणि त्याला रानडुकराच्या पाठीवर बांधलं. तोवर सोमवार उजाडला आणि हत्तीआजोबा नेमके पूर्वेला. मंगळवारी निघता निघता धोंडोपंत पाठीवरून घसरले. हा अपशकुन. बुधवारी अमावस्या. आता गुरुवारीच निघा, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं.

बुधवारी सकाळी पाडस उभं राहायला गेलं आणि पाय दुमडून खाली बसलं. पुन्हा काही उठेना. हरिणी तशीच वडाखाली गेली.

"बुवा, अमावस्या पाळायला माझं पाडस तरी उरायला हवं ना?" ती म्हणाली.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. हरिणीने पाडसाला गवतात लपवलं आणि ती एकटीच पूर्वेला निघाली.

ती वाट वाघाच्या गुहेसमोरून जायची. शिष्टमंडळ तीन जणांचं नेमलं होतं ते त्यासाठीच. हरिणी गुहेपाशी आली. आत वाघ जागाच होता. त्याने तिला पाहिलं. जिभल्यासुद्धा चाटल्या. पण अमावस्येला पंजा उंबऱ्याबाहेर टाकायचा कसा? त्याने एक दीर्घ उसासा सोडला आणि कूस बदलली.

हत्तीआजोबा निवांत बसले होते. एरवी त्यांच्याकडे कामं घेऊन येणाऱ्यांची ही रांग लागायची. आज चिटपाखरू नव्हतं. त्यांनी हरिणीचं सगळं ऐकून घेतलं. मग ओढ्यापर्यंत चालत गेले, कपाळ टेकवून एक धक्का दिला आणि साग बाजूला झाला. दुपारी पाणवठ्यावर पाणी आलं. हरिणी पोटभर प्यायली. संध्याकाळपर्यंत पाडस दूध पिऊन तिच्या पायांत लुडबुडू लागलं. ती त्याला नुसती चाटत राहिली.

गुरुवारी शिष्टमंडळ ठरल्या मुहूर्तावर निघालं. वाटेत ओढा वाहताना दिसला, तेव्हा तिथूनच परत फिरलं. धोंडोपंतांनी नुसतं निघायचं मनात आणलं आणि पाणी आलं, त्यांचा पायगुणच तसा, असं सर्वानुमते ठरलं. पंतांना पाय नव्हते, पण गुण होता. पाणवठ्याकाठी त्यांची स्थापना झाली. दर्शनाला अख्खं जंगल लोटलं.

हरिणीला हसू आवरेना. खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून ती पुढे झाली. काल, अमावस्येला, मी एकटी गेले आणि मला काही झालं नाही, एवढंच तर सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं.

समोर पहिल्या रांगेत वाघ बसला होता. कान टवकारून, मन लावून ऐकत होता.

हरिणीने धोंडोपंतांना वाकून नमस्कार केला. मग शास्त्रीबुवांकडे वळून म्हणाली, "बुवा, अमावस्या फार कडक असते हो. अजून दोन-चार दिवस वाढवता आले तर बघा."

तात्पर्य : अंधश्रद्धा घालवायलाच हवी, बाळांनो. फक्त वाघाची सगळ्यात शेवटी घालवावी.