वाऱ्याला विचारून बांधलेली शाळा

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो यशवंत टिपणीस साहेबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून हा माणूस जरा सटकलेला होता असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं.

साहेब आमच्या महापालिकेत बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता. कुठल्याही नव्या जागेवर गेले की खिशातून पुडा काढायचे, एक उदबत्ती पेटवून जमिनीत खोचायचे आणि तिच्यापुढे उकिडवे बसायचे. कंत्राटदार भराभर चपला काढून हात जोडायचे. एकाने तर नारळ आणलेला. साहेबांनी तो फोडला, सगळ्यांना वाटला, स्वतःही खाल्ला आणि मग म्हणाले, "देव नाही हो, धूर बघतोय. वारा कुठून येतो ते नकाशात नसतं."

मी ऐंशीच्या दशकात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. मुरबाडकडचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. साहेब मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करत. तोवर मला कोणी अहो म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाशी बोलताहेत असं समजून मी मागे वळून बघायचो.

माझा पहिला नकाशा मी जीव ओतून काढला होता. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला, अक्षर सुंदर आहे म्हणाले आणि विचारलं, "वाऱ्याला विचारलंत?"

मी नाही म्हणालो. मग विचारून या म्हणाले, आणि दुपारभर मला आंबिवलीच्या माळावर एकटं बसवलं. परत आलो तेव्हा तोंड भाजलं होतं, पण सगळ्या खिडक्या चुकीच्या भिंतीत काढल्यात एवढं मला कळलं होतं. कॉलेजात जे शिकलो ते त्या माळावर उपयोगी पडायला लागलं.

काचेशी साहेबांचं वैर होतं. तेव्हा ज्याला त्याला दर्शनी बाजूला काच हवी असायची. साहेब म्हणायचे, "काचेत लोणचं मुरवतात, माणसं नाही." ग्रीन बिल्डिंग हा शब्द आमच्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता. साहेबांचा शब्द होता 'शहाणं घर'. जे घर उन्हाला दारातच अडवतं, वाऱ्याला आत घेतं आणि पावसाचं पाणी गटाराला न देता स्वतः ठेवून घेतं, ते शहाणं. ते एकटेच राहायचे, दुपारचा डबा पोळीभाजी केंद्रातून यायचा. साहेबांचं लग्न वाऱ्याशी झालंय, असं आमचे हेडक्लार्क म्हणायचे आणि सगळे हसायचे.

मग डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावात शाळा बांधायचं ठरलं. जुनी शाळा म्हणजे पत्र्याची शेड. साहेबांनी नकाशा केला: खाडीकडे तोंड करून रुंद पडवी, वर्गांना विटांच्या जाळीच्या भिंती, अंगणाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, आणि ऊन खाली उतरू नये म्हणून गच्चीवर चुन्यात बसवलेली उलटी मडकी. शहरातल्या सगळ्या शाळा पुढे अशाच व्हाव्यात, ही साहेबांची इच्छा. ही पहिली झाली नाही, तर पुढची एकही होणार नव्हती.

नकाशे मंजूर करणाऱ्या समितीला मात्र काचेची दर्शनी बाजू हवी होती. एका सदस्याने विचारलं, "गच्चीवर मडकी? काय टिपणीस, शाळा काढताय की कुंभारवाडा?" सभागृहातले पंखे भरभर फिरत होते. सगळे पोटभर हसले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत तो फेटाळला जाणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी नम्रपणे एवढीच विनंती केली की, पुढची सभा जागेवरच घ्यावी, म्हणजे पाहणीही होईल. कोणाला त्यात गैर दिसलं नाही. तारीख पडली एप्रिलातली, वेळ दुपारची. मान्यवरांची बसण्याची व्यवस्था पत्र्याखाली, दुसरीच्या बाकांवर. चहा कढत. साहेबांनी एकेक भिंत सावकाश समजावून सांगायला घेतली. पावसाच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत आले तेव्हा कुंभारवाडावाले सदस्य अजेंड्याने वारा घेत होते आणि सभापतींचा गुडघा बाकात अडकला होता.

"टिपणीस," मान पुसत सभापती म्हणाले, "पोरं दिवसभर इथे बसतात?"

"रोज बसतात, साहेब. आपण फक्त आजच्या दिवस."

सभापतींनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. मंजूर."

बांधकामात कंत्राटदाराला जाळीच्या भिंतीचा कंटाळा आला. एका वर्गाला सरळ बंद भिंत उचलू लागला. तेवढ्यात गावातली एक म्हातारी मासळीची पाटी खाली ठेवून समोर उभी राहिली. "हितं साहेबानं उदबत्ती लावलेली. भिंत नाय यायची." पाहिलं तर त्या जागेला हळदकुंकूही लागलेलं. धुराचा खुलासा साहेब आयुष्यभर सगळ्यांना करत आले होते. त्या दिवशी मात्र केला नाही. जाळी झाली.

उद्घाटनाच्या दिवशी आयत्या वेळी साहेब सापडेनात. महापौर हार घेऊन थांबलेले. मी शोधत शेवटच्या वर्गात गेलो. बाकावर एक कृश बाई बसल्या होत्या. साहेब त्यांच्यासमोर उभे होते, निकालाला आलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"लागतोय का गं दम?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही हो. सकाळपासून खोकलाही आला नाही."

साहेब जाळीकडे वळले आणि चष्मा पुसत राहिले. मी तसाच मागे फिरलो आणि साहेब सापडत नाहीत म्हणून सांगितलं.

त्या काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी होत्या, हे मला शिपायाने सांगितलं. त्यांना दमा होता. संध्याकाळी कारखान्यांकडून येणारा वास त्यांना सोसेना, म्हणून लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या भोरजवळ माहेरी राहायला गेल्या. साहेब सुट्टीत जायचे. त्या दिवशी त्या केवळ शाळा बघायला आल्या होत्या, आणि दुपारच्या गाडीने परतही गेल्या.

साहेब निवृत्त झाले ते थेट भोरला गेले. नंतर मी त्यांना हे पत्र पाठवलं:

आदरणीय साहेबांस,

सादर नमस्कार. शहाडच्या नव्या शाळेचा नकाशा परवा समितीत आला. या वेळी कोणी हसलं नाही. सभापतींनी विचारलं, टिपणीस साहेबांच्या पद्धतीचा आहे ना? मी हो म्हणालो. मंजूर झाला. यापुढच्या सगळ्या शाळा तशाच करायच्या असं ठरलं आहे. माझ्याकडे बघून ठरलं नाही, खाडीकाठची शाळा बघून ठरलं.

एक अडचण आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची लेखी तक्रार आली आहे. शाळा सुटली तरी मुलं घरी जात नाहीत. त्यांना न्यायला आलेल्या आया पडवीत टेकतात, त्याही उठत नाहीत. एक आजी रोज नातवाला न्यायला म्हणून येतात आणि तिथेच झोपतात. त्यांना दमा आहे. शिपायाला कुलूप लावता येत नाही.

एवढं काकूंना वाचून दाखवावं.

तक्रारीवर मी काही कारवाई केलेली नाही. करणारही नाही.

आपला आज्ञाधारक,
दत्तात्रय